बाळाचे पाय बाकदार आहेत? किती दिवस थांबायचं?



आमच्या गटातल्या एका ताईंची नात दहाव्या महिन्यातच चालायला लागली. सगळ्यांना कौतुक! पण अडीच वर्षांची झाली तरी तिचे पाय धनुष्यासारखे बाकदार. "तेल लावून ओढा, होतील सरळ," असं आम्हीच ताईंना सांगत होतो. आमचं चुकलं. म्हणून आज हा विषय.

जन्मतः सगळ्याच बाळांचे पाय थोडे बाकदार असतात. साधारण दोन वर्षांपर्यंत ते आपोआप सरळ होतात. कडेवर घेतल्यानं किंवा लंगोट बांधल्यानं पाय वाकडे होत नाहीत.

पण त्यानंतरही बाक राहिला, तर मुख्यतः दोन कारणं तपासावी लागतात. पहिलं मुडदूस. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ राहतात आणि वाकतात. मनगटंही जाड दिसतात. यावर औषधं आहेत.

दुसरं, ब्लाउंटचा आजार. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा थर असतो, तिथून हाड लांब होतं. या आजारात नडगीच्या वरच्या टोकाची आतली बाजू नीट वाढत नाही, बाहेरची मात्र वाढत राहते. मग हाड वाकतं. लवकर चालणाऱ्या, वजनदार मुलांमध्ये हा जास्त दिसतो. लहान मुलाला बहुधा दुखत नाही, म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. ड जीवनसत्त्व देऊन हा बरा होत नाही. तीन वर्षांच्या आत सापडला तर काही मुलांचं कॅलिपरवर भागतं. नाहीतर चौथ्या वर्षाच्या सुमारास शस्त्रक्रिया करतात. उशीर झाला, तर बाक पुन्हा येण्याची भीती वाढते.

घरी असं बघा. मुलाला उताणं झोपवून पाय सरळ करा, घोटे जुळवा. गुडघ्यांमध्ये किती बोटं मावतात ते तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा बघा. अंतर वाढलं, एकच पाय जास्त वाकला, चालताना गुडघा बाहेर झुकला किंवा दोन वर्षांनंतरही बाक तसाच असला, तर आशाताईंना सांगा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. एक्स-रे आणि रक्ततपासणीतून कारण कळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांनाही पाय दाखवा.

ताईंच्या नातीला आता कॅलिपर लावलाय. तो घालून ती अंगणात कोंबड्यांमागे पळते. मैत्रिणींनो, तेल खुशाल लावा, पण पाय ओढू नका. आणि "होईल मोठेपणी सरळ" म्हणून वर्षं घालवू नका.