गोचिडीचा आजार आणि तांब्याचे वेटोळे

अमेरिकेत काही लोकांच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात एक घरगुती यंत्र मांडलेले असते: तांब्याच्या तारेचे मोठे वेटोळे, त्याला जोडलेला ताकदीचा ऑडिओ अॅम्प्लिफायर आणि हवी ती कंपनसंख्या देणारा जनरेटर. रुग्ण हे वेटोळे गुडघ्यावर, पाठीवर, कधी डोक्याशी धरतो. त्यातून निघणाऱ्या चुंबकीय स्पंदनांनी शरीरात दडलेले लायम या गोचिडीमुळे होणाऱ्या आजाराचे जिवाणू मरतात, अशी त्याची खात्री असते. या लोकांना भोळसट म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांच्यापैकी अनेक जण डॉक्टरांकडे जाऊन, औषधांचा पूर्ण कोर्स करूनही आजारी राहिलेले आहेत.

या आजाराला ज्याचे नाव मिळाले ते लायम हे कनेक्टिकट राज्यातले गाव. तिथे मुलांचे सांधे विचित्र सुजत होते. पॉली मरे या गृहिणीने घरच्यांच्या दुखण्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९७५ मध्ये आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला. येल विद्यापीठाचे अॅलन स्टीअर तपासाला लागले. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा जिवाणू सापडला आणि १९८२ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे पावणेपाच लाख लोकांवर लायमचे उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके वेळेवर दिली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र शंभरातल्या पाच ते दहा जणांचा थकवा, अंगदुखी आणि डोक्यातले धुके उपचारानंतरही महिनोन्महिने हटत नाही. नेमके कारण अजून उलगडलेले नाही. मग तेच औषध आणखी लांबवावे का? नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात सर्वांना आधी दोन आठवडे इंजेक्शने दिली. त्यानंतर बारा आठवडे काहींना प्रतिजैविके, तर काहींना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या दिल्या. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: सुधारणा दोन्हीकडे झाली, पण लांबवलेल्या औषधाने तिच्यात काहीच भर पडली नाही. डॉक्टरांचे हात इथे थांबतात आणि रुग्णाचा शोध सुरू होतो.

त्या शोधात त्याला रॉयल राइफ हे नाव भेटते. १९३० च्या दशकात सॅन डिएगोत काम करणाऱ्या या संशोधकाचा दावा होता की प्रत्येक जंतूला मारणारी एक ठरावीक कंपनसंख्या असते. दावा सिद्ध झाला नाही, पण मेलाही नाही. राइफचे यंत्र किरणनळीचे होते. पुढे डग नावाच्या एका लायम रुग्णाने स्वतःसाठी वेटोळ्याचे यंत्र बनवले आणि ते ‘डग मशीन’ म्हणून रुग्णांमध्ये पसरले. बॉब बेक या दुसऱ्या एका प्रचारकाने तर कॅमेऱ्याच्या फ्लॅशपासून चुंबकीय स्पंदक जुळवण्याची कृतीच सांगितली.

वेटोळ्यात दम नाही असे मुळीच नाही. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज जागवते, हे फॅराडेने १८३१ मध्येच दाखवले. न जुळणाऱ्या हाडांसाठी अशी स्पंदने देणाऱ्या उपकरणांना अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. नैराश्यासाठी डोक्यावर धरायच्या चुंबकीय उपकरणाला २००८ मध्ये. पण हाडाच्या पेशींना चालना देणे वेगळे आणि रक्तामांसात शिरलेला जिवाणू वेचून मारणे वेगळे. गायिकेच्या सुराने काचेचा पेला फुटतो तसा जंतू फुटतो, असे समर्थक सांगतात. पेला कडक असतो, हवेत मोकळा थरथरतो. जिवाणू मऊ असतो आणि दाट द्रवात बुडालेला असतो. त्याची थरथर उठताक्षणी विरते. लोहामुळे चुंबक त्याला पकडतो म्हणावे, तर लायमचा जिवाणू जीवसृष्टीतला दुर्मीळ अपवाद आहे: त्याला जगायला लोह लागतच नाही, तो मँगनीजवर भागवतो.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘हर्क्स’ची. रुग्णांच्या बोलण्यात हा शब्द सतत येतो. मुळात ही खरी वैद्यकीय घटना आहे. प्रतिजैविक सुरू केल्यावर साधारण पहिल्या दिवसभरात जिवाणू मरतात आणि काहींना थंडी-ताप येतो. यारिश आणि हेर्क्सहायमर या वैद्यांनी ती सिफिलिसच्या रुग्णांमध्ये नोंदवली होती. वेटोळे वापरणाऱ्यांनी शब्द उचलला आणि त्याचा अर्थ सैल केला. बरे वाटले तर यंत्र लागू पडले. डोके फुटायला आले, झोप उडाली, तर जंतू मरताहेत, म्हणजे यंत्र फारच लागू पडले! या हिशेबात यंत्र कधी हरतच नाही. हरतो तो माणूस, कारण वाढणारे दुखणे कदाचित हृदयाचे, थायरॉइडचे किंवा दुसऱ्याच संसर्गाचे असते आणि तपासणी पुढे ढकलली जाते.

शिवाय घरी जुळवलेल्या यंत्राचा कपॅसिटर बंद केल्यावरही जीवघेणा धक्का देऊ शकतो. पेसमेकर, इन्सुलिन पंप किंवा कानातले इम्प्लांट असलेल्यांनी तर त्याच्या आसपासही जाऊ नये.

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट या लायमच्या पट्ट्यात हजारो मराठी घरे आहेत. दोडामार्ग-बांद्याकडच्या लोकांना गोचिडीचा धसका माकडतापामुळे आहेच, पण तो विषाणूचा आजार; त्याच्यावर प्रतिजैविक चालत नाही. लायमवर चालते. म्हणून अमेरिकेत अंगणातून, रानवाटेवरून आल्यावर अंग तपासावे, चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढावी, आणि त्यानंतर लालसर पसरणारा चट्टा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

२०१५ मध्ये पॉल लँटोस आणि सहकाऱ्यांनी लायमवरचे तीसहून अधिक पर्यायी उपचार तपासले. त्यांत असे ऊर्जाउपचारही होते. एकाच्याही पाठीशी भरवशाचा पुरावा सापडला नाही. आणि पुरावा मिळवणे अशक्यही नाही. नैराश्यावरच्या चुंबकीय उपचाराची परीक्षा अशीच झाली: काही रुग्णांच्या डोक्यावर चालू वेटोळे ठेवले, काहींच्या डोक्यावर तसाच आवाज करणारे नुसते दिखाऊ वेटोळे, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला सांगितले नाही. वर्षानुवर्षे थकव्याने खिळलेल्या लायमच्या रुग्णांसाठी कोणीतरी इतके तरी करायला हवे होते. यंत्रे विकणाऱ्यांनी ते केलेले नाही.