दगड एक, तिकिटे दोन

चिचेन इत्साचे दरवाजे सकाळी आठला उघडतात. पहिले दोन-अडीच तास आवार बऱ्यापैकी मोकळे असते. अकराच्या सुमारास कानकूनच्या बसगाड्या येऊन लागतात. सुमारे दोनशे किलोमीटर बसून आलेली माणसे आपापल्या गाईडच्या छत्रीमागे किंवा झेंडीमागे चालू लागतात. 'एल कास्तीयो' या पिरॅमिडसमोर ठरलेल्या जागी गाईड थांबतो आणि टाळी वाजवतो. पायऱ्यांवर आपटून परतणारा आवाज केत्साल पक्ष्याच्या शिळेसारखा येतो. शेजारी दुसरा गट, दुसरी टाळी. मग चार बाजूंच्या प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक मिळून ३६५ हा हिशेब, मग चेंडूचे मैदान, मग बळींसाठी प्रसिद्ध असलेले कुंड. दोनेक तासांत सारे उरकते. पुढे बुफे जेवण, एखाद्या सेनोतेत, म्हणजे चुनखडीतल्या नैसर्गिक कुंडात, डुबकी आणि परतीच्या वाटेवर वायादोलिद या जुन्या स्पॅनिश शहराच्या चौकात अर्धा-पाऊण तास.

सहलीच्या पत्रकात या दिवसाचे दोन मथळे असतात: 'प्राचीन माया अवशेष' आणि 'वसाहतकालीन शहर'. पहिल्यात पिरॅमिड, दुसऱ्यात चर्च. मधली शतके बसमध्ये डुलकी घेताना निघून जातात.

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात ही वाटणी जमिनीवर टिकत नाही. इथल्या स्पॅनिश शहरांच्या भिंतींत माया मंदिरांचेच दगड आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी ते एकदा रचले, त्यांच्याच हातांनी ते उपसून पुन्हा रचून घेतले गेले. आणि ही माणसे कुठे नाहीशी झालेली नाहीत. २०२०च्या जनगणनेनुसार मेक्सिकोत सुमारे पावणेआठ लाख लोक युकातानची माया भाषा बोलतात. हॉटेलात खोली आवरणारी बाई आणि कुंडाशी मुखवटे विकणारा माणूस त्यांच्यातलेच असतात. पुष्कळदा बसचालकही.

युकातान राज्याची राजधानी मेरिदा हे याचे पहिले उदाहरण. ६ जानेवारी १५४२ रोजी धाकट्या फ्रान्सिस्को दे मोंतेहो या स्पॅनिश सेनानीने हे शहर वसवले, ते मोकळ्या रानात नव्हे, तर त्हो या माया नगरात. तिथल्या चुनखडीच्या इमारती पाहून स्पॅनिशांना आपल्या देशातल्या मेरिदाचे रोमन अवशेष आठवले आणि तेच नाव इथे पडले. थोडक्यात, विजेते आले तेव्हाच त्यांना हे 'प्राचीन अवशेष' दिसत होते. लगेच त्यांनी या अवशेषांची खाण केली. १५६१ ते १५९८ या काळात उभे राहिलेले मेरिदाचे कॅथेड्रल माया वास्तूंच्या दगडांतून बांधलेले आहे. त्याच चौकातल्या मोंतेहोंच्या वाड्याचा दर्शनी भाग १५४९चा. त्यावर कोरलेले भालाईत सैनिक माणसांच्या मुंडक्यांवर पाय देऊन उभे आहेत. आज त्या वाड्यात बँक आणि संग्रहालय आहे. गट बाहेर छायाचित्रे काढतो आणि आईस्क्रीमकडे वळतो.

मेरिदाच्या उत्तरेला जेमतेम अर्ध्या तासावर त्सिबिलचाल्तून आहे. तिथे मंदिरांच्या मधोमध, माया चौकातच, सोळाव्या शतकाच्या अखेरची एक उघडी प्रार्थनावेदी उभी आहे. तीही त्याच दगडांची. दोन्ही मथळे एका दृष्टिक्षेपात मावतील अशी ही जागा, पण कानकूनहून निघालेल्या एका दिवसाच्या सहलीत ती बसत नाही.

इसामाल हे गाव तर या विषयाचे पाठ्यपुस्तकच. सगळे गाव पिवळ्या-पांढऱ्या रंगात रंगवलेले, मध्यभागी फ्रान्सिस्कन मठ. मठाचे कमानींनी वेढलेले विस्तीर्ण अंगण चढण चढून गेल्यावर लागते, कारण ते एका माया पिरॅमिडच्या चौथऱ्यावर आहे. मूळ मंदिर उतरवून त्याच्या माथ्यावर मठ बांधला, काम १५६१ मध्ये पुरे झाले. भिंतीत अजूनही नागमोडी माया नक्षीचे दगड ओळखू येतात. काही गल्ल्यांपलीकडे किनिच काकमो हा अवाढव्य पिरॅमिड घरांच्या गराड्यात उभा आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे या मठात अमेरिका खंडातल्या आदिवासी समाजांच्या प्रतिनिधींना भेटले.

या मठाशी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन साधूचे नाव जोडलेले आहे, आणि गाईडच्या हाती यापेक्षा दमदार गोष्ट क्वचित लागते. लोक गुपचूप जुन्या देवांना पुजतात म्हणून लांदाने छळचौकशी चालवली आणि १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी मूर्तींसोबत माया पोथ्यांची होळी केली. जळालेल्या पोथ्यांचा आकडा २७ सांगितला जातो. साऱ्या माया जगातून आज केवळ चार पोथ्या उरल्या आहेत. अधिकाराबाहेर जाऊन छळ केल्याचा ठपका येऊन लांदाला स्पेनला जावे लागले. तिथे १५६६च्या सुमारास त्याने युकातानविषयी एक वृत्तांत लिहिला. त्यात लोकांची शेती, सण, पंचांग यांच्या जोडीला माया 'अक्षरां'चा एक तक्ताही होता. पुढे तो निर्दोष सुटला आणि १५७३ मध्ये बिशप होऊन परत आला. त्याच्या वृत्तांताची एक संक्षिप्त प्रत १८६२ मध्ये माद्रिदमध्ये ब्रास्यर द बूरबूर या फ्रेंच धर्मगुरूच्या हाती लागली. १९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्हने त्याच तक्त्याचा आधार घेऊन माया लिपीत उच्चारचिन्हे असल्याचे दाखवून दिले, तेही एकही माया नगर प्रत्यक्ष न पाहता. पोथ्या जाळणाऱ्याच्या टिपणातून लिपीचे कुलूप उघडले. इसामालमध्ये लांदाचा पुतळा आजही आहे.

बाहेरच्या जगाला या अवशेषांची ओढ लावली ती जॉन लॉइड स्टीफन्स हा न्यूयॉर्कचा वकील आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज वास्तुविशारद यांनी. १८३९ मध्ये निघालेल्या या जोडीने होंडुरासमधले कोपान नगर ५० डॉलरना विकत घेतले आणि पुढे युकातानमध्ये उश्मालपर्यंत मजल मारली. स्टीफन्सचे प्रवासवर्णन कॅथरवुडच्या चित्रांसह १८४१ मध्ये आले आणि हातोहात खपले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये थॉमस कूकने लेस्टर ते लफबरो अशी आपली पहिली सामुदायिक रेल्वेसहल नेली. पुढे पर्यटनाच्या धंद्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, पाहण्याची हाव आणि गटाने नेण्याची सोय, अशा एकाच वर्षी जन्मल्या. स्टीफन्सचे मोठेपण त्याच्या निष्कर्षात आहे. ही नगरे इजिप्तच्या किंवा बुडालेल्या अटलांटिसच्या लोकांनी बांधल्याच्या कल्पना तेव्हा जोरात होत्या. त्याने त्या बाजूला सारल्या आणि इथल्याच लोकांच्या पूर्वजांनी ती बांधली असे ठामपणे लिहिले. त्याच्यासाठी झाडी तोडणारे आणि ओझी वाहणारे मजूर याच लोकांपैकी होते.

त्यानंतर आलेल्यांचा हेतू केवळ पाहण्याचा नव्हता. अमेरिकी वकिलातीतला एडवर्ड थॉम्पसन याने १८९४ मध्ये चिचेन इत्साची जहागीर अवशेषांसकट विकत घेतली. १९०४ पासून त्याने पवित्र कुंडाचा गाळ उपसला. त्यातून निघालेले सोने, जेड, कोपाल धूप आणि हाडे हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेली. १९२६ मध्ये मेक्सिको सरकारने खटला भरून जहागिरीवर टाच आणली. थॉम्पसनच्या मृत्यूनंतर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि वारसांनी ती जमीन फर्नांदो बार्बाचानो पेओन यांना विकली. युकातानच्या पर्यटनाचे ते आद्य उद्योजक. प्रोग्रेसो बंदरात उतरणाऱ्या बोटींच्या प्रवाशांना अवशेष दाखवायला नेण्याचा व्यवसाय त्यांनी विसाच्या दशकातच सुरू केला होता.

चिचेन इत्साची वाट खुली होण्यामागे एक राजकीय स्वप्नही होते. युकातानचे समाजवादी गव्हर्नर फेलिपे कारिओ पुएर्तो उत्तम माया बोलत. हेनेकेनच्या मळ्यांत कर्जाने बांधल्या गेलेल्या माया मजुरांना आपल्या पूर्वजांची उंची दिसावी, असे त्यांना वाटे. त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ मध्ये द्सितास रेल्वेस्थानकापासून चिचेन इत्सापर्यंत रस्ता झाला आणि वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेला उत्खननाची परवानगी मिळाली. ३ जानेवारी १९२४ रोजी बंडखोर सैन्याने त्यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी सिल्व्हेनस मॉर्ली यांच्या नेतृत्वाखाली कार्नेगीचे काम सुरू झाले. योद्ध्यांचे मंदिर आज दिसते तसे उभे केले ते त्यांनीच.

हेनेकेन म्हणजे आपल्याकडे बांधावर आणि रुळांच्या कडेला दिसणाऱ्या घायपाताचा सख्खा भाऊ. त्याचा वाख युकातानच्या सिसाल बंदरातून जगभर जाई. मेरिदाच्या पासेओ दे मोंतेहो या रुंद हमरस्त्यावरचे फ्रेंच थाटाचे वाडे त्याच पैशांतून उठले. सहलीत त्यांची ओळख 'सुंदर' एवढीच करून दिली जाते. रस्त्याच्या तोंडाशी मोंतेहो पितापुत्रांचा पुतळा बसवला गेला २०१० मध्ये, आणि त्यावरून शहरात वाद पेटला.

त्याच २०१० साली चिचेन इत्साच्या मुख्य भागाची जमीन युकातान राज्याने बार्बाचानो घराण्याच्या वारसाकडून २२ कोटी पेसोंना विकत घेतली. तोवर १९७२च्या कायद्याने वास्तू राष्ट्राच्या आणि खालची जमीन खासगी, असा प्रकार होता. आजही प्रवेशाला दोन शुल्के पडतात: एक 'इनाह' या राष्ट्रीय पुरातत्त्व संस्थेचे, दुसरे राज्याचे.

समुद्रकिनाऱ्याने या साऱ्याचे प्रमाण पालटले. १९७० मध्ये सरकारने वाळूच्या एका निर्जन पट्ट्यावर कानकूनची आखणी सुरू केली, १९७४ मध्ये पहिली हॉटेले उघडली. आज अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या सुट्टीच्या बेतांतही कानकून असते आणि चिचेन इत्सा ही तिथली एका दिवसाची फेरी. २००६ मध्ये एक पर्यटक महिला पडून मरण पावल्यावर एल कास्तीयो चढणे बंद झाले. २००७ मध्ये 'नव्या सात आश्चर्यां'त नाव लागले आणि आता वर्षाला वीस लाखांहून अधिक लोक येतात. स्वस्त सहलीचे गणित जेवणाच्या आणि दुकानांच्या थांब्यांवर बसलेले असते, त्यामुळे अवशेषांचा वेळ आखडतो. पायऱ्या चढता येत नाहीत, पाट्या त्रोटक आहेत, तेव्हा पाहुण्याच्या पदरात काय पडणार हे गाईडच्या जिभेवर ठरते.

गाईडकडे पर्यटन खात्याचा परवाना असावा लागतो. त्यांतले कित्येक जण जाणकार आहेत, काहींची मातृभाषा मायाच आहे. पण ऐकणाऱ्याला रक्त हवे असते. कुंडात कुमारिका ढकलत ही कथा वर्षानुवर्षे खपते. हाडांच्या तपासणीत मात्र पुरुष आणि मुलेही निघाली. कुंडाजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभराहून अधिक बालकांचे अवशेष सापडले होते. त्यांतल्या ६४ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे मुलगे निघाले, बहुतेक तीन ते सहा वर्षांचे, कित्येक एकमेकांचे नातलग, त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. संशोधकांनी तिश्काकालतुयुब या गावातल्या आजच्या रहिवाशांचे नमुनेही तपासले. नाते सलग निघाले. शिवाय त्यांच्या रोगप्रतिकारक जनुकांत १५४५च्या साथीशी जुळणारी निवड दिसली. स्पॅनिश आगमनानंतर लाखो बळी घेणाऱ्या त्या साथीशी साल्मोनेलाचा एक प्रकार जोडला जातो. 'प्राचीन' आणि 'वसाहतकालीन' या दोन मथळ्यांना जोडणारा धागा असा आजच्या माणसाच्या रक्तात सापडला.

त्याच आवारात झाडांखाली शेकडो विक्रेते मुखवटे आणि जग्वारसारखी डरकाळी काढणाऱ्या शिट्ट्या मांडून बसतात. पिस्ते आणि आसपासच्या गावांतली ही माया कुटुंबे. 'इनाह'च्या नियमांत त्यांना जागा नाही. पूर्वजांच्या वास्तूवर पोट भरण्याचा हक्क आमचा, असे त्यांचे म्हणणे. हा तिढा अनेक वर्षे चालू आहे. गाईड गटाला सांगतो, "परतताना घ्या."

आणि वायादोलिद? जिथे पाऊण तास मिळतो ते हे शहर सासी या माया नगरावर वसलेले आहे. इथला सान बेर्नार्दिनो मठ एका सेनोतेच्या पाण्यावर चाले. जुलै १८४७ मध्ये याच शहरात माया पुढारी मान्युएल अँतोनियो आय यांना मृत्युदंड दिला गेला. चारच दिवसांनी तेपिच गावावर हल्ला झाला आणि माया बंडाचे 'जातींचे युद्ध' पेटले. १८४८च्या वसंतात गोऱ्यांना वायादोलिद सोडून पळावे लागले, बंडखोर मेरिदाच्या दिशेने सरकले. लढाई रेंगाळत राहिली ती १९०१ मध्ये मेक्सिकोच्या सैन्याने बंडाची राजधानी चान सांता क्रूस काबीज करेपर्यंत. माया संस्कृती हजार वर्षांपूर्वी 'गूढपणे नष्ट झाली' हे पत्रकातले वाक्य या शहराच्या चौकात उभे राहून म्हणणे कठीण आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये 'त्रेन माया' ही लष्कराच्या कंपनीकडून चालवली जाणारी रेल्वे सुरू झाली आणि वर्षभरात दीड हजार किलोमीटरचे वर्तुळ पुरे झाले. चुनखडीच्या गुहांत खांब रोवल्याबद्दल तिच्यावर टीका झाली, तशीच मार्गावरच्या पाहणीत हजारो वास्तूंची नव्याने नोंदही झाली. वायादोलिद, चिचेन इत्सा, इसामाल अशी ओळीने स्थानके असल्यामुळे कानकूनच्या बसशिवायही ही ठिकाणे निवांत पाहता येतात. जुने चान सांता क्रूसही आता एक स्थानक आहे, फेलिपे कारिओ पुएर्तो या नावाने. 'जातींच्या युद्धा'चे संग्रहालय आणि त्या युद्धात अर्धे उद्ध्वस्त झालेले चर्च असलेले तिहोसुको गाव मात्र रुळांपासून दूर आहे. तिथे रस्त्यानेच जावे लागते आणि अर्धा दिवस काढावा लागतो. कानकूनच्या एकदिवसीय पत्रकात तो अर्धा दिवस बुफे आणि डुबकीला दिलेला आहे.