फोल्डर पुसलं, पण गेलं का?

काल बिल्ड झाली, आज अडकली, पुन्हा बटण दाबलं की झाली. चामोर्शीत घरी बसून हैदराबादच्या कंपनीचं काम करणारा असो की पुण्याच्या ऑफिसातला, या दुखण्यावर बहुतेकांचं औषध एकच: परत चालवून बघ.

बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम तयार करणं. त्याआधी मागच्या खेपेचं फोल्डर पुसतात. मॅव्हन या बिल्डच्या साधनात त्याचं नाव 'टार्गेट'. गाडी अडते ती इथे, आणि बहुधा विंडोजवर.

फाइल कुणी उघडून धरली असेल, तर विंडोज एकतर ती पुसायला साफ नकार देतं, नाहीतर 'पुसायची आहे' अशी नुसती खूण करतं. धरणारा सोडेपर्यंत नाव जागेवरच. महाशिवरात्रीनंतर मार्कंड्याच्या यात्रेचं मैदान झाडायला घ्यावं आणि एका दुकानदाराने पाल उतरवलेलंच नसावं, तसं. एक फाइल उरली तरी उत्तर येतं: फोल्डर रिकामं नाही. लिनक्सवर नाव लगेच जातं, मजकूर तेवढा फाइल बंद होईपर्यंत डिस्कवर राहतो. विंडोज १० च्याच नंतरच्या आवृत्त्यांनी ही रीत बरीचशी उचलली. म्हणून एकाच्या मशीनवर चालतं, शेजारच्याच्या नाही.

धरणारा कोण? अँटिव्हायरस, वनड्राइव्ह, मागे चालू राहिलेला सर्व्हर, कधी तर त्याच फोल्डरात उघडी राहिलेली आपलीच कमांडची खिडकी. विंडोजवर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये फाइलचं नाव शोधा, लिनक्सवर एलएसओएफ चालवा, चोर सापडतो. नोडच्या आरएम या पुसायच्या फंक्शनला पुन्हा प्रयत्न करायची सोय आहे, पण त्या प्रयत्नांचा आकडा मुळात ० असतो. अँटिव्हायरस क्षणभरच धरतो, त्याला दोन-तीन प्रयत्न पुरतात. विसरलेल्या सर्व्हरला शंभरही पुरणार नाहीत.

सगळ्यांत वाईट खोड म्हणजे चूक गिळून पुढे जाणारी स्क्रिप्ट. जुनी फाइल नव्या मालात मिसळते आणि काढून टाकलेला कोड ग्राहकाकडे आरामात चालत राहतो.

जास्त पुसलं गेलं तर? जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या ॲपची अशीच एक चूक उघडकीला आली. फोल्डरचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल रिकामा राहिला, 'आरएम -आरएफ' थेट मुळापासून पुसत सुटलं आणि वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइली गेल्या. व्हेरिएबल रिकामा असेल तर तिथेच थांबायची सोय बॅशमध्ये आहे. तुमच्या क्लीन स्क्रिप्टमध्ये ती आहे का, उद्या कामाला बसण्याआधी एकदा उघडून बघा.