पस्तीस नंबर कोणाचा?

३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबोत श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात पालघरचा शार्दूल ठाकूर भारताकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. त्याच्या पाठीवर १० हा आकडा होता. गल्लीतून खेळत वर आलेल्या मुलासाठी पदार्पणाचा दिवस म्हणजे आयुष्यातला सण. पण त्या दिवशी त्याच्या गोलंदाजीपेक्षा त्याच्या जर्सीची चर्चा जास्त झाली. सचिन तेंडुलकरचा नंबर घालण्याची याची हिंमत कशी झाली, असे लोक विचारू लागले. आपल्या जन्मतारखेच्या अंकांची बेरीज दहा येते म्हणून हा आकडा घेतला, असे शार्दूलने सांगितले. तरी लोकांचा राग शमला नाही. पुढे त्याने ५४ नंबर घेतला. दहा नंबर यापुढे कोणाला द्यायचा नाही असे क्रिकेट मंडळाने अनौपचारिकरीत्या ठरवल्याच्या बातम्याही आल्या.

याच वर्षीच्या बास्केटबॉल हंगामात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी शहरात जवळजवळ हेच घडले. थंडर या तिथल्या संघात पी. जे. डोझियर नावाचा एक नवखा खेळाडू आला. खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला कोणत्याही संघाने उचलले नव्हते आणि त्याचा करारही दुय्यम दर्जाचा होता. त्याला जर्सी मिळाली ३५ नंबरची. तो केव्हिन ड्युरंटचा नंबर होता. जुन्या चाहत्यांना धक्का बसला. गंमत अशी की, याच चाहत्यांपैकी काहींनी वर्षभरापूर्वी ३५ नंबरच्या जर्सी रस्त्यात जाळल्या होत्या.

दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. ज्याने आकडा घातला त्याने कोणताही लिखित नियम मोडला नव्हता, कारण तसा नियमच नव्हता. ज्यांनी निर्णय घ्यायचा ते गप्प राहिले होते आणि त्या गप्प बसण्याची किंमत संघातल्या सर्वांत नवख्या मुलाने मोजली. ड्युरंट अजून खेळतो आहे. तो थांबेल तेव्हा ओक्लाहोमा सिटीला पस्तीस नंबरचे काय करायचे ते ठरवावे लागेल. काय ठरवावे, हा या लेखाचा विषय आहे.

आधी ही प्रथा म्हणजे काय ते पाहू. एखाद्या खेळाडूचा नंबर ‘निवृत्त’ करायचा म्हणजे त्या संघात तो पुन्हा कोणाला द्यायचा नाही आणि त्या आकड्याचे निशाण स्टेडियमच्या छताला कायमचे टांगायचे. अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक खेळांत याची सुरुवात बर्फावरच्या हॉकीत झाली असे सहसा मानले जाते. १२ डिसेंबर १९३३ रोजी बॉस्टनमधल्या सामन्यात टोरंटो मेपल लीफ्सचा एस बेली प्रतिस्पर्ध्याच्या धडकेने डोक्यावर पडला. त्याची कवटी फुटली. जीव वाचला, पण खेळ संपला. १४ फेब्रुवारी १९३४ रोजी त्याच्या मदतीसाठी सामना भरवला गेला आणि टोरंटोने त्याचा ६ नंबर यापुढे कोणाला न देण्याचे जाहीर केले. १९३९ मध्ये दुर्धर आजाराने खेळ सोडावा लागलेल्या लू गेरिगचा ४ नंबर न्यूयॉर्क यांकीजने तसाच राखला. सुरुवातीच्या या दोन्ही प्रसंगांमागे गुणगौरवापेक्षा दुःख मोठे होते. घरातला माणूस अकाली उठून गेल्यावर त्याची खुर्ची काही काळ कोणी वापरत नाही, तशी ही भावना होती.

पुढे प्रथा पसरली आणि तिचा अर्थ बदलत गेला. बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाने वीसहून अधिक नंबर निवृत्त केले. मायामी हीट या संघाने २००३ मध्ये मायकल जॉर्डनचा २३ नंबर निवृत्त केला. जॉर्डन त्या संघाकडून एकही सामना खेळला नव्हता. २०२२ मध्ये बिल रसेल वारल्यावर त्याचा ६ नंबर एनबीएच्या सगळ्याच संघांनी निवृत्त केला. आपल्याकडे मुंबई इंडियन्सने २०१३ मध्ये तेंडुलकरचा दहा नंबर असाच बाजूला ठेवला. थोडक्यात, शोकातून निघालेली प्रथा सत्काराची झाली. आणि सत्कार म्हटला की पात्रतेचा वाद आलाच.

ड्युरंटची पात्रता आकड्यांवर ठरवायची तर वाद दोन मिनिटांत मिटेल. २००७ मध्ये सिॲटल सुपरसॉनिक्सने त्याला निवडले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. २००८ मध्ये मालकांनी तो संघच सिॲटलमधून उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला आणि त्याचे नाव थंडर झाले. सुमारे सात लाख वस्तीच्या या शहराकडे तोवर मोठ्या व्यावसायिक स्पर्धेतला स्वतःचा, कायमचा संघ नव्हता. ड्युरंट तिथे आठ वर्षे खेळला. चार हंगामांत सामन्यामागे सर्वाधिक गुण मिळवण्याचा मान त्याने पटकावला, २०१२ मध्ये संघाला अंतिम फेरीत नेले, २०१४ मध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो पुरस्कार स्वीकारताना त्याने खरा मान आपल्या आईचा आहे असे सांगितले आणि पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले.

मग अडते कुठे? २०१६ च्या उपांत्य लढतीत थंडर संघ गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध ३–१ असा पुढे होता. आणखी एक विजय मिळाला असता तर अंतिम फेरी गाठता आली असती. उरलेले तिन्ही सामने थंडरने गमावले. त्यानंतर ४ जुलै २०१६ रोजी ड्युरंटने जाहीर केले की, आपण वॉरियर्सकडे जात आहोत. म्हणजे ज्यांनी हरवले त्यांच्याकडेच. त्याचा करार संपलेला होता, कायद्याने तो मोकळा होता. पण शहराला ते घर सोडून शत्रूच्या छावणीत जाणे वाटले. वॉरियर्सकडून त्याने २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओक्लाहोमा सिटीला हे पाहणे किती जड गेले असेल, ते सांगायला नको.

याउलट दुसरे उदाहरण त्याच संघातले आहे. निक कॉलिसन २००३ मध्ये सिॲटलमध्ये संघात आला, संघाबरोबर ओक्लाहोमा सिटीला गेला आणि २०१८ मध्ये तिथेच थांबला. सामन्यामागे सरासरी ५.९ गुण. एकदाही त्याची निवड एनबीएच्या ‘ऑल-स्टार’ सामन्यासाठी झाली नाही. पण दुसऱ्याला वाट मोकळी करून देणे, धडक अंगावर घेणे, नवख्यांना सांभाळणे ही कामे त्याने मन लावून केली. मार्च २०१९ मध्ये थंडरने त्याचा ४ नंबर निवृत्त केला. ओक्लाहोमा सिटीत हा मान मिळालेला तो पहिला खेळाडू.

कॉलिसनचा सन्मान मला योग्य वाटतो. पण त्यावरून लोक जो निष्कर्ष काढतात तो योग्य वाटत नाही. निष्कर्ष असा की, निशाण हे निष्ठेचे प्रमाणपत्र आहे; कॉलिसन राहिला म्हणून त्याला मिळाले, ड्युरंट गेला म्हणून त्याला मिळू नये. निष्ठा हाच निकष लावला तर पहिला प्रश्न संघालाच विचारावा लागेल. सिॲटलमध्ये चार दशके रुजलेला संघ मालकांनी उचलून नेला. मैदानाच्या करारातून सुटण्यासाठी साडेचार कोटी डॉलर मोजले. सुपरसॉनिक्सचे नाव आणि रंग सिॲटलकडे राहिले, निवृत्त नंबरांची निशाणे तिथल्या इतिहास संग्रहालयात गेली. ज्या संघाचा जन्मच एका शहराला सोडून जाण्यातून झाला, त्याने सोडून गेलेल्या खेळाडूकडे निष्ठेचा दाखला मागावा, हे तर्काला धरून नाही. शिवाय संघ खेळाडूला हवे तेव्हा दुसरीकडे पाठवतात, त्याला कोणी गद्दारी म्हणत नाही. व्यवहाराचा नियम एका बाजूला आणि भावनेचा दुसऱ्या बाजूला, असे चालणार नाही.

दुसरा आक्षेप, त्याने ओक्लाहोमा सिटीला विजेतेपद दिले नाही. हे खरेच आहे. २०२५ च्या जूनमध्ये थंडरने सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सला हरवून विजेतेपद मिळवले, ते शे गिल्जस-अलेक्झांडर आणि त्याच्या साथीदारांनी. पण या विजयाने ड्युरंटचा प्रश्न अवघड न होता सोपा झाला आहे, असे मला वाटते. २०१६ मध्ये त्या शहराच्या हाती फक्त गमावलेले होते. आता मिळवलेलेही आहे. भरल्या घरात जुना हिशेब शांतपणे करता येतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नंबर मोजके असतात आणि ते खेळणाऱ्यांचे असतात. प्रत्येक पिढी चार-दोन नंबर छताला टांगत गेली तर पुढच्या मुलांनी काय घालायचे? यावर उत्तर या प्रथेच्या इतिहासातच आहे. सेल्टिक्सच्या जिम लॉस्कुटॉफचा सन्मान करायचे ठरले, तेव्हा आपला १८ नंबर पुढच्यांना मिळावा अशी त्याची इच्छा होती. म्हणून निशाणावर नंबराऐवजी त्याचे लाडके नाव ‘लॉस्की’ लिहिले गेले. पुढे तोच नंबर डेव्ह काउन्सने घातला आणि इतका गाजवला की अखेर तो त्याच्या नावाने निवृत्त झाला. आणि एस बेली? ज्याच्या रक्ताने ही प्रथा सुरू झाली, त्याने १९६८ मध्ये रॉन एलिस या तरुण खेळाडूचा खेळ पाहून, माझा नंबर याला द्या, असे स्वतःच सुचवले. एलिसने तो घातला. नंबर परत खेळात आला म्हणून बेलीची आठवण पुसली गेली नाही. उलट तिला एक सुंदर प्रकरण जोडले गेले.

म्हणजे निवृत्त करणे आणि कायमचे कुलूप घालणे एकच नव्हे. मुख्य गोष्ट आहे ती संघाने सर्वांसमोर बोलण्याची. बोलले की पुढच्याला कळते: हा आकडा हवा असेल तर अमुक माणसाला विचारावे लागेल. डोझियरला आणि शार्दूलला विचारायला कोणी समोर नव्हते. एका अव्यक्त भावनेला ते चुकून अडखळले.

गोल्डन स्टेटचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. २०१९ च्या अंतिम फेरीत ड्युरंट दुखापतीतून पुरता सावरला नसताना खेळला आणि त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. त्या उन्हाळ्यात तो ब्रुकलिनला गेला. तेव्हा वॉरियर्सचे सहमालक जो लेकब यांनी जाहीर केले की, आपण पदावर असेपर्यंत ३५ नंबर कोणी घालणार नाही. तीन वर्षे खेळून निघालेल्याला हा शब्द मिळाला. आठ वर्षे दिलेल्या शहराने मौन पाळले. लेकब यांची घोषणा काहीशी घाईची होती असे मला वाटते, कारण अशा गोष्टी थोड्या मुराव्या लागतात. याच वॉरियर्सचा रिक बॅरी १९६७ मध्ये संघ सोडून प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला, १९७२ मध्ये परतला, १९७५ मध्ये विजेतेपद मिळवून दिले; त्याचा २४ नंबर निवृत्त झाला १९८८ मध्ये. राग आणि कृतज्ञता यांची वजाबाकी व्हायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कळल्यावर माझे मत पक्के झाले. ड्युरंटने ३५ हा आकडा हौसेने निवडलेला नाही. लहानपणी त्याला घडवणारे प्रशिक्षक चार्ल्स क्रेग २००५ मध्ये गोळीबारात मारले गेले. तेव्हा त्यांचे वय ३५ होते. त्यांच्या आठवणीसाठी ड्युरंटने तो आकडा पाठीवर घेतला. ज्या जर्सी ओक्लाहोमा सिटीत जाळल्या गेल्या त्यांच्यावर एका मारल्या गेलेल्या गुरूचे वय लिहिलेले होते. जाळणाऱ्यांपैकी किती जणांच्या ते मनात आले असेल?

तेव्हा नंबर कोणाचा? खेळाडूचा म्हणावा तर तो त्याला कोणाकडून तरी मिळालेला असतो. संघाचा म्हणावा तर संघ मालकाबरोबर गाव बदलतो. मला वाटते, छतावरचे निशाण हे बघणाऱ्यांचे असते. त्या वर्षांत तिथे बसून जे घडले ते आपण पाहिले, हे एका गावाने स्वतःशी केलेले टिपण असते. त्यासाठी खेळाडू निष्कलंक असण्याची गरज नाही. बिल रसेलने १९७२ मध्ये आपल्या निशाणाचा कार्यक्रम प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांसमोर उरकायला लावला होता. बॉस्टनशी त्याचे नाते कडू होते. तरी निशाण लागले, कारण त्याच्या अकरा विजेतेपदांशिवाय सेल्टिक्सची गोष्ट सांगता आली नसती. १९९९ मध्ये तोच सोहळा भरल्या स्टेडियममध्ये पुन्हा झाला.

हीच कसोटी मी ओक्लाहोमा सिटीला लावतो. आज तिथे वडिलांचे बोट धरून सामना पाहायला आलेल्या मुलाने छताकडे पाहून, आपला संघ सुरू कसा झाला, असे विचारले तर ड्युरंटचे नाव वगळून उत्तर देता येईल का? येणार नाही. म्हणून तो खेळणे थांबवेल तेव्हा थंडरने ३५ नंबर जाहीरपणे निवृत्त करावा. त्याच वेळी चार्ल्स क्रेग यांचे नाव घ्यावे. आणि डोझियरलाही बोलवावे. दोनच सामन्यांपुरता का होईना, तो आकडा त्यानेही अंगावर वागवला आहे.