मासा पाण्यात, आठवण दंडावर! फ्लाय फिशिंग टॅटूत खरी कसोटी कशाची?

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो. अनेक शौकीन पकडलेला ट्राउट लगेच पाण्यात सोडतात. उरतो फक्त फोटो, आणि काहींच्या दंडावर टॅटू.

ब्राउन ट्राउटचे ठिपके प्रत्येक माशात वेगळे असतात. म्हणून फोटोवरून ‘तोच’ मासा गोंदवता येतो. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तयार झालेल्या ‘ॲडम्स’सारखे किडेही गोंदवले जातात.

पण खरी कसोटी पिसांची. शाई त्वचेच्या आतल्या थरात वर्षानुवर्षं थोडी पसरते. खेटून काढलेल्या बारीक रेषा मिसळल्या की पिसाचा डाग होतो. त्यामुळे खरा किडा नखाएवढा असला, तरी टॅटू मोठा हवा आणि रेषांमध्ये मोकळी जागा हवी. मासा सोडून देता येतो, टॅटू नाही!