आतड्यांतील जीवाणू आणि हृदयविकार

हृदयविकाराचा विचार करताना माणसाची नजर स्वाभाविकपणे छातीकडे जाते. फार तर तेल-तुपाकडे. मोठ्या आतड्यात वस्ती करून असलेल्या असंख्य जीवाणूंचाही त्यात काही हात असावा, असे म्हणणाऱ्यास काही दशकांपूर्वी कोणी फारसे गंभीरपणे घेतले नसते. आज वैद्यकीय नियतकालिकांत या विषयाची चर्चा होत आहे आणि तिला स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी यांसारखी फळे एक निमित्त झाली आहेत.

या फळांचा तांबडा-जांभळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांस अँथोसायनिन म्हणतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते तीही याच कुळातील द्रव्यांनी. अमेरिकेत २५ ते ४२ वर्षे वयाच्या ९३,६०० परिचारिकांच्या आहाराची व प्रकृतीची नोंद १८ वर्षे ठेवण्यात आली. त्या काळात ४०५ जणींना हृदयविकाराचा झटका आला. ज्यांच्या आहारात ही रंगद्रव्ये सर्वाधिक होती त्यांना असलेला धोका, ती सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेने ३२ टक्क्यांनी कमी आढळला. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला.

येथेच एक कोडे उभे राहते. ही द्रव्ये मूळ रूपात रक्तात उतरतात ती अगदी अल्प. बराचसा भाग तसाच मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जीवाणू त्याचे विघटन करून लहान लहान फेनॉलिक आम्ले तयार करतात. ती रक्तात शोषली जातात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर अनुकूल परिणाम करीत असावीत, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. म्हणजे फळ हा केवळ कच्चा माल, कारखाना आतड्यात. आणि प्रत्येकाचा कारखाना निराळा! एकाच ताटातील फळे खाणाऱ्या दोघांना सारखाच लाभ होईल, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

बेलफास्ट व कील येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी ९०४ जर्मन स्त्री-पुरुषांची पाहणी करून २०२१ साली या तर्काला आकड्यांचा आधार दिला. रोज साधारण एक पेला अशी फळे खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ४.१ मिलिमीटरने कमी होता. त्यातील सुमारे १२ टक्के फरकाचा उलगडा जीवाणूंच्या आधारे होऊ शकला. उरलेल्या ८८ टक्क्यांचे काय, हा प्रश्न जाहिरातदारांना सहसा पडत नाही.

शिवाय या दोन्ही केवळ पाहण्या आहेत. फळे आवडीने खाणारा माणूस बहुधा धूम्रपान कमी करतो, चालतोही अधिक. अशा गोष्टींचा हिशेब संशोधक मांडतात, परंतु तो पुरता जमतोच असे नाही. या आकड्यांच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणे धोक्याचे होईल. ब्लूबेरीच्या किमतीने कारकुनाने खट्टू होण्याचेही कारण नाही. आतड्यांतील जीवाणूंचे मुख्य खाद्य म्हणजे न पचणारे तंतुमय पदार्थ, आणि ते ज्वारी-बाजरीच्या भाकरीत व मटकीच्या उसळीत भरपूर असतात.