मुलगा बोटीवर जायचे म्हणतो तेव्हा



तीन वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावर भातबियाण्याच्या कामासाठी सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. काम आटोपल्यावर ओळखीच्या एका बागायतदाराच्या पडवीत चहाला बसलो. म्हातारा नेहमीसारखा बोलेना. शेवटी आत जाऊन सातबारा घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, काजीच्या बागेर किती कर्ज मिळात?"

मला वाटले, पंप घ्यायचा असेल. पण पैसे हवे होते धाकट्या मुलासाठी. पोरगा हॉटेलच्या कामाचा कोर्स करून घरी बसला होता. परदेशी प्रवासी बोटीवर नोकरी लावून देतो म्हणून शहरातल्या एका एजंटाने अडीच लाख मागितले होते, आणि त्यातले पंचवीस हजार देऊनही झाले होते.

बोट हा माझा विषय नव्हे. माझा विषय भात, काजू आणि त्यावरची कीड. पण बाग गहाण पडायची वेळ आली की तो माझा विषय होतो. माझा एक चुलतभाऊ पेडण्याला असतो. त्याने बोटीच्या स्वयंपाकघरात चौदा वर्षे काढली आहेत. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. त्याला विचारून आणि कागदपत्रे वाचून जे कळले ते सांगतो.

पहिली गोष्ट, नोकरी लावण्याबद्दल पैसे घेणेच बेकायदा आहे. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशाने २०१५ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाचा. मुलाच्या खिशातून जायचे ते पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि खलाशाचे पुस्तक म्हणजे सीडीसी यांचे पैसे. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाने करायचा. भरती करणाऱ्या संस्थेजवळ मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. त्या यादीत नाव नसेल तर एजंटाचे ऑफिस कितीही गार हवेचे असो, बाहेर पडावे.

प्रशिक्षणाचे पैसे मात्र बहुधा आपल्यालाच भरावे लागतात. समुद्रात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, सुरक्षितता असे हे छोटे कोर्स साधारण दोन आठवड्यांत उरकतात. त्याआधी खलाशाचा इंडोस क्रमांक काढावा लागतो. कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतच करावा आणि दाखले घरच्या लोखंडी पेटीत ठेवावेत. एजंटाच्या टेबलावर ठेवू नयेत. पासपोर्टही तसाच.

एवढे करूनही नोकरी मिळते असे नाही. मुलाखतीत इंग्रजी बोलता येते का आणि चांगल्या हॉटेलात एकदोन वर्षे हात चाललेला आहे का, हे पाहतात. म्हणून बाग गहाण टाकून मुंबई गाठण्यापेक्षा गोव्याच्या एखाद्या हॉटेलात लागलेले बरे. तिथे पगार थोडा असतो, पण काम अंगवळणी पडते.

आता काम कसले ते ऐका, कारण फोटोत फक्त निळे पाणी आणि पांढरा गणवेश दिसतो. नवा मुलगा बहुधा भांडी घासण्यापासून, नाहीतर खोल्या झाडण्यापासून सुरुवात करतो. सुटीचा वार नसतो. नियमाने चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे उरलेला वेळ काम असू शकते, हा हिशेब तुम्हीच करा. झोपायला खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत, दुसऱ्याच्या वरची नाहीतर खालची फळी. स्वयंपाकघरात सगळ्या तऱ्हेचे मांस हाताळावे लागते, हे माळकऱ्याच्या घरी आधीच बोलून घ्यावे. स्वच्छतेचा जाच तर विचारू नका. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या बोटींची तिथले आरोग्य खाते न सांगता तपासणी करते. १०० पैकी ८६ पेक्षा कमी गुण पडले की बोट नापास. चुलतभाऊ सांगतो, त्या तपासणीची जेवढी भीती असे तेवढी वादळाची नसे.

आणि अडचण आली की समुद्रातून पळून येता येत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत डायमंड प्रिन्सेस ही बोट करोनामुळे जपानात योकोहामाजवळ अडकली, तेव्हा तिच्यावर शंभराहून अधिक भारतीय कामगार होते. प्रवासी खोल्यांत बंद होते आणि त्यांना जेवण पोचवण्याचे काम कामगारांकडेच होते.

पैशाचे म्हणाल तर डॉलरचा पगार, राहणे-जेवण फुकट, त्यामुळे शिल्लक चांगली पडते. पण करार सहा ते नऊ महिन्यांचा. बहुतेक बोटींवर तो संपला की पगारही थांबतो, आणि पुढचे बोलावणे येईपर्यंत मुलगा घरी. म्हणजे हेही हंगामी पीकच. आठ महिन्यांच्या पगारावर बाराही महिन्यांचा हप्ता बांधून मजला चढवणारी घरे मी पाहिली आहेत. पगारातला भाग थेट घरच्या खात्यात पाठवण्याची सोय करून देणे मालकावर बंधनकारक आहे. ती पहिल्या महिन्यापासून लावून घ्यावी.

जाता जाता माझ्या खात्याची एक गोष्ट. मुलाचे नाव सातबारावर असेल तर तो जाण्याआधी घरच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. मोबाईलवरची ई-पीक पाहणी कोण करणार, तेही ठरवा. एका सहीसाठी पीककर्ज खोळंबलेले मी पाहिले आहे, आणि सही करणारा त्या वेळी कुठल्याशा समुद्रात होता.

त्या म्हाताऱ्याने कर्ज काढले नाही. पोलिसांत तक्रार करतो म्हटल्यावर पंचवीसपैकी दहा हजार परत आले, पंधरा बुडाले. पोरगा दीड वर्ष गोव्यात राबला, मग परवान्याच्या संस्थेतून लागला. आता दुसरा करार चालू आहे. आई रोज रात्री फोनची वाट बघते. रेंज नसली की जेवत नाही. बागेला यंदा मोहोर चांगला आहे, पण ढेकण्या फवारायला घरात माणूस नाही, असे म्हातारा परवा म्हणाला. गडी बघून देतो असे सांगून आलो आहे, पण अजून मिळालेला नाही.